देवीचे यजमान

काकांशी बोलायचं तर त्यांच्या समोर उभं राहून बोलावं लागे. कुणी बाजूने किंवा मागून काही विचारलं तर ते आपलंच चालू ठेवायचे. तो माणूस वळसा घालून समोर आला की म्हणायचे, "हां, आता बोला. तोंड दाखवून बोलावं माणसानं." दोघं एकदम बोलायला लागली तर हात वर करायचे. "एकेक, एकेक. इथे काय मंडई भरलीय?" लोकांना वाटायचं, काका फार मानी आहेत. कुणाला वाटायचं, पूर्वी कुठे हेडमास्तर असतील. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

काका आमच्या शेठकडे टूरचे गाईड होते. दुबईजवळ अजमानला शेठचं डब्यांचं किचन आहे, तिथे मी पोळ्या-भाज्या करते. घरच्यांना गावी ठेवून इथे एकटे राहणारे मराठी लोक आमचा डबा खातात. पुढच्या खोलीत शेठचंच टूरचं ऑफिस. ईदच्या सुट्टीत आणि हिवाळ्यात शेठ इथल्या मराठी लोकांचे ग्रुप इजिप्तला पाठवतात. आपल्या लोकांना पिरॅमिड बघायचे असतात, पण रात्री हॉटेलवर वरण-भात लागतो. म्हणून ग्रुपबरोबर स्वयंपाकाचं माणूस जातं. आधी एक महाराज जायचे. ते कतारला गेले तेव्हा वहिनी, म्हणजे शेठच्या मिसेस, मला म्हणाल्या, "तूच जा आता. तुला तसंही कुणाशी बोलायचं नसतं. भात लाव, वाढ आणि झोप."

वहिनींचं खरं होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच घसा बंद होतो.

पहिल्याच ट्रिपला, निघायच्या दिवशी, काका किचनमध्ये आले आणि भिंतीवरचा सगळ्यात मोठा डाव काढून घेतला. आमटी वाढायचा, लांब दांड्याचा. त्याला लाल रिबन बांधली. बाकीच्या ग्रुपचे गाईड झेंडा नाहीतर छत्री वर धरून चालतात, काका डाव धरून चालायचे. एअरपोर्टवर दर वेळी तो बॅगेतून बाहेर काढला जायचा. पोलीस उलटसुलट करून बघायचे. काका शांतपणे डाव तोंडाजवळ नेऊन आमटी प्यायची ॲक्शन करायचे. तो पोलीस हसायचा, हाताने पुढे जायची खूण करायचा आणि म्हणायचा, "यल्ला, यल्ला."

पिरॅमिडजवळ गर्दी असली की काका डाव वर करून ओरडायचे, "डावाकडे लक्ष ठेवा! डाव हरवला त्याचं जेवण हरवलं!" आमचा एकही माणूस कधी चुकला नाही. काका मात्र मागे वळून कधी बघायचे नाहीत, सरळ चालत सुटायचे. मागून "काका, थांबा हो, आईंना धाप लागलीय" असं कुणी कितीही म्हटलं तरी थांबायचे नाहीत. मग आईंचा मुलगा पळत पुढे जाऊन त्यांच्या समोर उभा राहायचा. काका म्हणायचे, "मग असं समोर येऊन सांगा की!"

त्यांचं दुसरं म्हणजे इन्शाल्ला. इथे सगळेच म्हणतात, ऑफिसात, दुकानात, आम्ही मराठी माणसंसुद्धा. पण काका कशालाही म्हणायचे.

"काका, चहा घेणार?"

"इन्शाल्ला."

"काका, बस किती वाजता निघणार?"

"इन्शाल्ला."

"काका, हा खांब खरा आहे का मागाहून बसवलाय?"

"इन्शाल्ला."

लोक हसायचे. काका जोक करतात असं सगळ्यांना वाटायचं. अबुधाबीच्या बँकेतल्या एक मॅडम दोनदा आमच्या ट्रिपला आल्या होत्या, त्यांचा लहान मुलगा काकांना तोंडावर 'मिस्टर इन्शाल्ला' म्हणायचा. मॅडम त्याला रागवायच्या, "आजोबा म्हण." तो म्हणायचा, "बट ही लाइक्स इट, मम्मा." काकांना ते आवडायचंही. निदान ते हसायचे.

फोन ते घ्यायचेच नाहीत. शेठ ओरडायचे, तर काका म्हणायचे, "शेठ, मेसेज टाकत जा. लेखी असलं की उद्या तुमचं-माझं भांडण नको." शेठना ते पटलं. शेठ लोकांना सांगायचे, "आमचे काका जुन्या वळणाचे आहेत. सगळं लेखी."

खरं काय ते मला कुकरमुळे कळलं.

एकदा सकाळी काका चहाला किचनमध्ये आले होते. चहा पिताना ते उभ्याउभ्या काहीतरी सांगत राहायचे, मी पोळ्या लाटायचे. त्या दिवशी मी मागच्या दारात तांदूळ धूत होते. मोठा कुकर गॅसवर होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून उभे होते. शिट्ट्या सुरू झाल्या. एक झाली, दोन झाल्या, पुढे मोजायच्या पलीकडे गेल्या. ऑफिसातून वहिनी ओरडल्या, "अगं, कुणी आहे का तिकडे? तो गॅस बंद करा!" मी ओल्या हातांनी पळत आले. काका चहाचा कप धरून शांत उभे. मला बघून म्हणाले, "डाळ लागली बघ तुझी. वास येतोय. एक शिट्टी म्हणून झाली नाही. रिंग बदल."

ते हे म्हणत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर कुकर किंचाळत होता.

मी कुकरकडे बघितलं आणि मग काकांकडे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे वळून वाफेकडे बघितलं. मी गॅस बंद केला. काकांनी कप बेसिनमध्ये ठेवला, विसळला, पुन्हा विसळला.

"कळलं तुला," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"शेठला माहीत नाही. कळलं तर खलास. बहिरा गाईड कोण ठेवणार? आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. या वयात दुसरा कोण देतो?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांना वाटलं असेल मला सगळं समजलं. मला इतकंच समजलं की त्यांना इथून जायचं नव्हतं. का नव्हतं, ते मी विचारलं नाही. गावी साताऱ्याकडे त्यांचं घर होतं आणि बायको वारली होती, एवढं वहिनींकडून ऐकलं होतं.

त्या दिवसानंतर आमचं बोलणं सुरू झालं. काका ओठ वाचायचे. तरुणपणी ते जबल अलीला एका कंत्राटदाराकडे कामाला होते, कितीतरी वर्षं जनरेटरच्या शेजारी. तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही, सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघायचे, असं ते सांगायचे. कान हळूहळू गेले. कानाचं मशीनही त्यांनी घेतलं होतं, ते शर्टाच्या खिशात डबीत असायचं. "ते लावलं की फ्रीज ऐकू येतो, एसी ऐकू येतो, रस्त्यावरचा ट्रक ऐकू येतो. माणूस तेवढा ऐकू येत नाही," ते म्हणायचे.

मराठी आणि हिंदी ओठ त्यांना लगेच वाचता यायचे. मिशीवाल्यांचं मात्र कळायचं नाही. आणि आमच्या शेठना मिशी होती, चांगली ओठांवर येणारी. शेठ समोर आले की काकांच्या कपाळाला घाम यायचा. "वहिनींना सांग, म्हणावं, मिशी काढून यजमान दहा वर्षांनी लहान दिसतील," काका मला म्हणायचे. मी कसली वहिनींना सांगते!

पण काकांशी मला बोलता येऊ लागलं. त्यांच्यापुढे आवाज काढायची गरजच नव्हती. नुसते ओठ हलवले तरी त्यांना तेवढंच कळायचं जेवढं ओरडून सांगितल्यावर कळलं असतं. घसा बंद व्हायचा प्रश्नच नाही. पोळ्या लाटता लाटता मी त्यांना माझ्या बहिणीचं सांगायचे, रूममधल्या भांडणांचं सांगायचे, बसमध्ये कोण काय म्हणालं ते सांगायचे. काका हसायचे, उलट प्रश्न विचारायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं काका एकटेच बडबडतायत. वहिनी एकदा म्हणाल्या, "काका, त्या मुकीचं डोकं काय खाताय सकाळी सकाळी?"

"इन्शाल्ला," काका म्हणाले.

तर ते देऊळ. आमच्या ट्रिपमध्ये पिरॅमिड असायचे, म्युझियम असायचं, पण लोक परत येऊन कौतुक करायचे ते त्या देवळाचं. नाईल नदीत एक बेट आहे. संध्याकाळी अंधार पडायला लागला की बोटीत बसून तिथे जायचं. हजारो वर्षांपूर्वीचं देवीचं देऊळ, भले मोठे दगडी खांब, भिंतीभर कोरलेल्या बाया आणि पुरुष, सगळे एका बाजूला तोंड करून. तिथे रोज संध्याकाळी लाईट अँड साऊंडचा शो असतो. आधी देवळातून चालवत नेतात, मग बाहेर बाकांवर बसवतात. लाईट कधी या खांबावर पडतो, कधी त्या दारावर. निळा, लाल, पिवळा. आणि कर्ण्यातून एक माणूस भारी आवाजात गोष्ट सांगत असतो. बघून आपले लोक हमखास म्हणणार, "अरे, हा तर आपल्या गणपतीचा देखावा!"

पण कर्णा इंग्रजीत बोलतो, तेही नाटकी इंग्रजीत. म्हाताऱ्या आई-वडिलांना काही समजत नाही. म्हणून आमचा ग्रुप डाव्या बाजूला शेवटच्या बाकांवर बसायचा आणि काका मधे बसून मराठीत सांगायचे. तिथल्या राखणदारांना ते दर ट्रिपला आमच्या किचनमधली चकली न्यायचे, त्यामुळे ते कानाडोळा करायचे.

काकांच्या गोष्टीत परकं नाव एकही नसायचं. "ही देवी. हे देवीचे यजमान, फार सज्जन राजा. आणि हा धाकटा दीर, याच्या पोटात दुखायला लागलं." मग दिरानं यजमानांना पेटीत कोंडून मारलं, त्यांचे तुकडे तुकडे केले आणि नदीत दूर दूर फेकले. देवी होडीत बसली आणि एकेक तुकडा शोधत निघाली. मिळाला की पदरात गुंडाळायची. सगळे जमवून यजमान पुन्हा उभे केले. मग त्यांना मूल झालं आणि शेवटच्या दारावर पिवळा लाईट पडायचा. आपल्या बायका माना डोलवायच्या. "दीर म्हणजे सगळीकडे सारखेच," असं कुणीतरी म्हणायचंच.

यात माझं एक काम होतं. लाईट काकांना दिसायचे, त्यावरून गोष्ट कुठपर्यंत आली ते कळायचं. पण कर्णा चालू आहे का थांबला ते कळायचं नाही. तो मधे मधे गप्प बसतो आणि त्या शांततेत काका बोलत राहिले की सगळ्या देवळाला ऐकू जायचं. एकदा दुसऱ्या ग्रुपमधल्या एक बाई वळून रागावल्या होत्या. तेव्हापासून मी काकांच्या मागच्या बाकावर बसायचे. कर्णा थांबला की मी त्यांचं कोपर एकदा दाबायचे, ते थांबायचे. कर्णा सुरू झाला की दोनदा दाबायचे, ते पुढे सांगायचे. आमच्या लोकांना वाटायचं, काकांचं टायमिंग काय सुंदर आहे! काका म्हणायचे, "मी आपला कर्ण्याच्या आडोशाला बोलतो. माझं कुणाला ऐकू जातंय?" ज्यांच्यासाठी सांगायचं ती चार डोकी सोडली तर कुणाला ऐकू जात नाही, हे त्यांना बरं वाटायचं.

मग शेठना कुणीतरी नवीन मशीन दाखवलं. कानाला लावायचं, त्यात मराठी आवाज भरलेला. प्रत्येकाला एकेक द्यायचं, गाईड लागतच नाही. शेठ ते घेऊन किचनमध्ये आले. वहिनींच्या कानाला लावलं, माझ्याही कानाला लावलं. आतून एक बाई फार शुद्ध मराठीत म्हणाली की आपण आता पुरातन मंदिराच्या प्रांगणात आहोत. मी तेव्हा आमच्या कांद्यांच्या पोत्याजवळ उभी होते.

"काकांचं वय झालं आता," शेठ वहिनींना म्हणाले. "हल्ली काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. व्हिसा संपत आलाय. ही ट्रिप मी स्वतः जातो, बघतो त्यांचं काम. मग ठरवू, नवा करायचा का आता घरी जा म्हणायचं."

काका दारातच उभे होते. शेठची पाठ त्यांच्याकडे होती. शेठ गेल्यावर काकांनी मला नुसती भुवई उडवून विचारलं. मी ओठांनी सगळं सांगितलं.  काकांनी भिंतीवरचा डाव काढला आणि चिंच लावून घासायला बसले.

त्या ट्रिपला शेठ सगळीकडे काकांच्या बरोबर चालत होते, आणि बरोबर म्हणजे नेमके बाजूने. मी जीव मुठीत धरून मागून चालत होते. पहिल्या दिवशी शेठनी चालता चालता विचारलं, "काका, लंच कुठे ठरवलंय?" काका म्हणाले, "इन्शाल्ला." शेठनी माझ्याकडे बघितलं. मी डबे मोजायला लागले.

अबुधाबीच्या मॅडम याही ट्रिपला होत्या, मुलाला आणि आपल्या सासूबाईंना घेऊन. बसमध्ये त्या काकांच्या समोरच्या सीटवर होत्या. बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "काका, तुमच्या मिसेस गावीच असतात का?"

"इन्शाल्ला," काका हसून म्हणाले.

मॅडमही हसल्या. मी हसले नाही. त्यांनी काय विचारलं ते नंतर मी काकांना सांगितलं नाही.

देवळात आम्ही संध्याकाळी पोचलो. बोटीतून उतरताना वारा होता, पाणी काळं व्हायला लागलं होतं. आमची माणसं डाव्या बाजूच्या बाकांवर बसली. शेठ काकांच्या रांगेत, दोन माणसं सोडून. मी मागे. पुढे इतर देशांचे बरेच लोक होते, बाकं जवळजवळ भरली होती.

शो सुरू झाला. कर्णा बोलायला लागला, मी दोनदा दाबलं, काकांनी सुरुवात केली. देवी आली, यजमान आले, दीर आला. शेठ पुढे वाकून ऐकत होते. काका त्या दिवशी फार छान सांगत होते. दिरानं पेटीचं झाकण लावलं तेव्हा मॅडमच्या सासूबाई "अरे मेल्या!" म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आज निभावलं.

देवी होडीत बसली, निळा लाईट पाण्यावर आला, आणि सगळे लाईट गेले.

गोष्टीत तिथे तसाही थोडा अंधार असतो. निळा जातो, मग मोठ्या दारावर लाल येतो. म्हणून काकांना वेगळं काही वाटलं नाही. पण कर्णासुद्धा बंद पडला होता. लाईटच गेली होती, सगळ्या बेटाची. पुढचे लोक कुजबुजले आणि गप्प झाले. पाणी काठाला लागत होतं तेवढा आवाज. आणि त्यात काकांचा आवाज, नेहमीचाच, कर्ण्याच्या आडोशाचा. आता आडोसा नव्हता. तो त्या खांबांवर जाऊन परत येत होता.

"काका, थांबा जरा," शेठ म्हणाले. "लाईट गेलीय."

काका थांबले नाहीत.

"अहो काका!" शेठ मोठ्याने म्हणाले.

काका बोलतच होते. शेठना तिथेच समजलं असणार. माझा हात काकांच्या कोपराकडे गेला. एकदा दाबलं असतं की ते थांबले असते. पण ते लाल लाईटची वाट बघत होते, तो येत नव्हता, आणि गोष्ट तर चालू ठेवायला हवी. म्हणून ते काहीतरी नवीनच सांगायला लागले होते. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"देवीला पहिला तुकडा मिळाला तेव्हा ती विशीची होती," काका म्हणाले. "तो महिनाभर राहिला. त्यानं परसाचं कुंपण नीट केलं, पत्रा बदलला, आणि परत गेला. मग दोन वर्षांनी दुसरा तुकडा आला. त्याचे केस कमी झाले होते. त्यानं पंखा आणला होता, मुलीला बाहुली आणली होती. मुलगी जवळ येईना. देवी म्हणाली, येईल हो, सवय नाही तिला. सवय झाली तोवर सुट्टी संपली. मग आणखी दोन वर्षांनी तिसरा. असे देवीला यजमान तुकड्यातुकड्यांनी मिळत होते. ती एकेक जपून ठेवायची. बस सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणायची, पुढच्या खेपेला सगळे या. मी म्हणायचो, येतो. हा प्रोजेक्ट संपू दे."

'मी' म्हणाले ते. गोष्टीतून बाहेर आले आणि त्यांना ते कळलंही नाही. माझा हात तिथेच राहिला, त्यांच्या कोपरापासून बोटभर लांब. मी दाबलं नाही.

"शेवटच्या खेपेला सगळा येणार होतो," काका म्हणाले. "कायमचा. सामान बांधलं होतं. देवीनं घराला रंगही लावून घेतला होता. आणि देवीच थांबली नाही. देवी असून थांबली नाही. आता तो रंग दिलेल्या घरात जाऊन मी बसू कुणापुढे?"

कुणी हललं नाही. मराठी न येणारे लोकसुद्धा गप्प होते. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, बहुतेक वाटलं असेल की शोच असा आहे. मॅडमच्या मुलाने विचारलं, "मम्मा, इज ही क्राइंग?" मॅडमनी त्याला जवळ ओढलं. काका रडत नव्हते. ते अंधारात मोठ्या दाराकडे बघत लाईटची वाट बघत होते.

मग लाईट आली. लाल लाईट दारावर पडला, कर्णा खरखरला आणि मधूनच सुरू झाला. मी दोनदा दाबलं. "हां," काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तर देवीनं सगळे तुकडे जुळवले आणि यजमान उभे राहिले." आणि शेवटपर्यंत त्यांनी गोष्ट नीट नेली, पिवळ्या लाईटपर्यंत.

शो संपल्यावर मॅडमच्या सासूबाई उठल्या आणि काकांच्या पाया पडायला वाकल्या. काकांना वाटलं त्यांचं काहीतरी खाली पडलं. तेही वाकून बाकाखाली शोधायला लागले. सासूबाई हात जोडून काहीतरी म्हणाल्या, पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," काका म्हणाले आणि डाव वर करून बोटीकडे निघाले. त्या दिवशी त्यांच्या मागे चालताना कुणी हाका मारल्या नाहीत. सगळे निमूट चालत होते.

बोटीत काका पुढे टोकाशी जाऊन बसले. मी मागे, इंजिनजवळ. शेठ माझ्या शेजारी येऊन बसले. एवढ्या वर्षांत ते कधी माझ्या शेजारी बसले नव्हते.

"त्यांना ऐकू येत नाही," शेठ म्हणाले. विचारत नव्हते, सांगत होते. "तुला माहीत होतं."

 शेठपुढे नुसते ओठ हलवून भागणार नव्हतं.

"येतं," मी म्हणाले.

इंजिनच्या आवाजातही ते शेठना ऐकू गेलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "तुझा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतोय बहुतेक," ते म्हणाले.



शेठ मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "माझे वडील मस्कतला होते. एकदा ते घरी आले आणि मी आईला विचारलं, हे पाहुणे जाणार कधी? त्यांच्यासमोरच विचारलं. ते हसले होते. मला आजपर्यंत वाटायचं, खरंच हसले होते."

बोट काठाच्या जवळ यायला लागली होती. शेठ उठले. "ते मशीन नको म्हणून कळवतो. काकांचे फोटो आणि पासपोर्ट अजमानला गेल्यावर घेऊन ठेव. व्हिसा करायला टाकू." दोन पावलं गेले आणि परत वळले. "मी काही म्हणालो असं त्यांना सांगू नकोस. आणि कोपर दाबतेस ते दाबत जा."

पुढे बऱ्याच ट्रिपनंतर काका आपल्या मनाने गावी गेले, त्या रंग दिलेल्या घरातच. पण ते फार नंतरचं.

उतरताना काकांनी मला हाताने जवळ बोलावलं. बोटीच्या टोकाला पिवळा दिवा होता. त्याच्या उजेडात मला उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मधे अंधार फार वेळ राहिला का गं आज? मी आपला काहीबाही लावत बसलो. तू दाबलं नाहीस म्हणून बोलत राहिलो. कर्णा चालू होता ना?"

"होता," मी म्हणाले. "चांगला मोठा होता."

काकांनी श्वास सोडला.

"मग बरं," ते म्हणाले. "नाहीतर उगाच घरातलं चार माणसांत."